सल्ला : एक लाख चाळीस हजारांचा सेवा-दौरा आणि घरचं सोयाबीन

पत्राचा सारांश

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. पाच एकर कोरडवाहू शेती. कपाशी, तूर, सोयाबीन. मुलगी दहावीपर्यंत तालुक्याच्या शाळेत सेमी-इंग्रजीत शिकली. गेल्या ऑगस्टपासून ती शिष्यवृत्तीवर पुण्याकडच्या एका निवासी आंतरराष्ट्रीय शाळेत अकरावीला, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या वर्गात आहे. अभ्यास जमतोय. पण फोनवर ती वेगळंच बोलते. वर्गातल्या मुलांना घोडेस्वारी येते, पियानो येतो, ती ‘एमयूएन’ला (मुलांच्या नकली संयुक्त राष्ट्र सभेला) जातात, आपल्याकडे ‘काहीच नाही’. शाळेनं डिसेंबरात परदेशात ‘सेवा-दौरा’ ठेवला आहे, खर्च एक लाख चाळीस हजार, शिष्यवृत्तीत धरलेला नाही. वडील पतसंस्थेतून कर्ज काढायच्या विचारात आहेत. दुसरा पर्याय म्हणून मुलगी म्हणते की मे-अखेर ते जुलै-अखेर सुट्टीत गावातच सेवेचा प्रकल्प करते. त्यावर वडिलांनी लिहिलंय : ‘आता पोरगी आमच्याच गावात येऊन आमची सेवा करन काय? लोकं काय म्हनतीन? अन् ह्या साऱ्या भानगडीत मार्क गेले तर?’

उत्तर

भाऊ, तुमच्या पत्रात तीन काळज्या एकमेकींत गुंतल्या आहेत : पैशाची, मार्कांची आणि गावात मान राखण्याची. तिसरी तुम्ही सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडक्यात लिहिली आहे, पण तीच सर्वांत खरी वाटते, म्हणून तिच्यावर मी अधिक बोलणार आहे. आधी पैसे आणि मार्क निकालात काढू, कारण त्यांची उत्तरं नियमांतच आहेत.

आयबी डिप्लोमात सहा विषय असतात, प्रत्येकाला ७ गुण. त्याशिवाय चार हजार शब्दांचा दीर्घ निबंध आणि ‘ज्ञानाचा विचार’ हा विषय मिळून जास्तीत जास्त ३ गुण. एकूण ४५. या ४५ मध्ये अवांतर उपक्रमांचा एकही गुण नाही. पण त्यांच्यासाठी ‘कॅस’ नावाचा वेगळा भाग आहे : क म्हणजे क्रिएटिव्हिटी, अ म्हणजे ॲक्टिव्हिटी, स म्हणजे सर्व्हिस. सृजन, शरीर-श्रम आणि सेवा म्हणा. तो पूर्ण केला नाही तर विषयांत कितीही गुण पडले तरी डिप्लोमा मिळत नाही. म्हणून ‘हे सोड आणि अभ्यास कर’ असं मुलीला सांगून चालणार नाही. आणि ‘हे भारी झालंच पाहिजे’ असं तिला वाटत असेल, तर त्यालाही आधार नाही. कॅसला श्रेणी नसते. झालं किंवा नाही झालं, एवढंच.

झालं म्हणजे काय, ते बघा. अकरावीच्या सुरुवातीपासून किमान १८ महिने, नियमितपणे, तिन्ही अंगांचं काहीतरी चालू असावं. त्यात किमान एक प्रकल्प असा, जो एक महिना तरी चालला आणि इतरांना सोबत घेऊन केला. त्या अवधीत शाळेतल्या कॅस समन्वयकांशी तीन औपचारिक मुलाखती : एक सुरुवातीला, दुसरी पहिल्या वर्षाच्या अखेरीला, तिसरी शेवटी. आणि एक संचिका, जिच्यात केलेल्या कामाचे पुरावे आणि त्यावरचं तिचं स्वतःचं चिंतन. ते चिंतन लिहूनच दिलं पाहिजे असं नाही. आवाज रेकॉर्ड करून, चित्रातून, छायाचित्रांतूनही चालतं. पूर्वी १५० तासांचा हिशोब ठेवावा लागे. तो आयबीनं कधीच काढून टाकला; आता तपासतात ते सातत्य आणि सात अपेक्षित परिणाम. स्वतःची ताकद आणि कमतरता ओळखली का, नवं काही अंगावर घेतलं का, स्वतः आखणी केली का, चिकाटी धरली का, दुसऱ्यांबरोबर काम केलं का, जगाशी जोडलेल्या प्रश्नाला हात घातला का, बरंवाईट तोलून पाहिलं का.

या यादीत घोडा कुठं आहे? पियानो कुठं आहे? विमानाचं तिकीट तर कुठंच नाही. परदेश-दौरा ही कॅसची अट नाही. तेव्हा या दौऱ्यासाठी कर्ज काढू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. कोरडवाहू शेतीवर पेरणीच्या तोंडावर लाख-दीड लाखाचं जास्तीचं कर्ज घ्यायचं आणि त्यातून आठ-दहा दिवसांचा दौरा विकत घ्यायचा, ज्याला डिप्लोमात शून्य गुण आहेत, हे कोणत्याच बाजूनं बसत नाही.

पण ‘नाही’ म्हणण्याआधी दोन गोष्टी करा. शिष्यवृत्तीचं पत्र पुन्हा वाचा, किंवा तालुक्याच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडून वाचून घ्या. शिकवणी, वसतिगृह आणि जेवण धरलेलं असतं; परीक्षा शुल्क, सहली, वाद्यभाडं, खेळाचं साहित्य, स्पर्धांची नोंदणी फी यांचं काय, ते प्रत्येक शाळेत निराळं असतं. जिथं स्पष्ट नाही तिथं ई-मेलनं विचारा, फोनवर नको. पुढच्या वर्षी माणसं बदलली तर तुमच्या हातात कागद असावा. पुष्कळ शाळांत शिष्यवृत्तीच्या मुलांसाठी उपक्रम-खर्चाचा छोटा निधी असतो, पण मागितल्याशिवाय तो कुणी पुढं करत नाही. यात लाज नाही. शिष्यवृत्ती देताना शाळेला तुमचं उत्पन्न माहीतच होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुलीला विचारा की दौऱ्याला जायची तुझी इच्छा आहे का, की सगळे जातात आणि तू एकटी मागं राहशील याची भीती आहे? ही दोन वेगळी दुःखं आहेत. दुसऱ्यावर उपाय स्वस्त आहे. त्या आठवड्यात वसतिगृहात कोण कोण राहणार, त्यांच्यासाठी काय ठेवलं आहे, हे वसतिगृहाच्या ताईंना आत्ताच विचारायचं. न जाणारी मुलं बहुतेक चार-सहा तरी निघतात, आणि कळल्यावर त्यांचा गट होतो. न कळल्यास प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटाच आठवडा काढतो.

आता मार्क. दोन वर्षांत उच्च स्तराच्या विषयाला २४० तास आणि साधारण स्तराच्या विषयाला १५० तास शिकवणी धरलेली असते. तीन-तीन विषय धरले तर वर्गातच ११७० तास. त्यावर घरचा अभ्यास. यातून आठवड्याला तीन-चार तास कॅसला सहज निघतात. मार्क जातात ते त्या तीन-चार तासांमुळे नाही. दोन चुकांमुळे जातात. पहिली चूक : अकरावीच्या पहिल्या महिन्यात उत्साहानं सात-आठ मंडळांत नाव घालणं. प्रत्येक मंडळाची संध्याकाळ वेगळी, मग सगळीकडे अर्धवट हजेरी आणि कुठेच काम नाही. दुसरी, जी जास्त महागात पडते : अकरावी रिकामी घालवून बारावीच्या ऑगस्टनंतर सगळं एकदम करायला घेणं. त्याच महिन्यांत दीर्घ निबंध, प्रत्येक विषयाचं अंतर्गत मूल्यमापन आणि विद्यापीठांचे अर्ज एकावर एक येतात. म्हणून नियम असा ठेवा : बारावीच्या ऑगस्टनंतर नवं काही सुरू करायचं नाही, चालू आहे तेच पुढं न्यायचं. मुलीसाठी येणारी सुट्टी त्यामुळे मोलाची आहे.

‘सीनियर मुलांकडे दहा-दहा सर्टिफिकेटं आहेत’ हेही तुम्ही लिहिलंय. कशासाठी ती गोळा करायची, ते आधी ठरवा. भारतात जेईई, नीट, सीईटीला उपक्रमांचा उपयोग नाही. इंग्लंडच्या विद्यापीठांना मुख्यतः विषयातली गोडी बघायची असते. अमेरिकेच्या बऱ्याच विद्यापीठांना मात्र सगळं विचारायचं असतं. तिथल्या कॉमन ॲपमध्ये, म्हणजे पुष्कळ विद्यापीठांना चालणाऱ्या सामायिक प्रवेश-अर्जात, उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. दहा जागा भरल्याच पाहिजेत असं बंधन नाही. त्या दहांच्या प्रकारांत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ हे दोन प्रकारही दिलेले आहेत. सुट्टीत कापूस वेचणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, आजीला दवाखान्यात नेणं हे तिथं आठवड्याचे तास लिहून सन्मानानं भरता येतं. ‘माझ्याकडे काहीच नाही’ असं म्हणणाऱ्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा, कारण इथं पुष्कळ मुलं फसतात. जे कॉमन ॲपमध्ये चालतं ते कॅसमध्ये चालतंच असं नाही. घरच्या शेतातलं नेहमीचं काम, घरच्यांची सेवा, मोबदला मिळणारं काम आणि धार्मिक उपासना हे सहसा कॅसमध्ये धरत नाहीत. ज्या कामावर एखाद्या विषयात गुण मिळणार आहेत, तेही नाही. आई-वडिलांची पर्यवेक्षक म्हणून सही बहुतेक शाळा घेत नाहीत. आधी दोन महिने राबायचं आणि मग समन्वयकांनी ‘हे बसत नाही’ म्हणायचं, असं होऊ नये म्हणून मंजुरी आधी, काम नंतर.

आता तुमचा तिसरा प्रश्न. आमच्याच गावात येऊन आमची सेवा करणार काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. शहरातून गाडी येते, शाळेच्या भिंतीला रंग लागतो, पोरांना वह्या वाटल्या जातात, फोटो निघतात, गाडी जाते. गावानं हे पाहिलंय. मुलगी तसं काही करणार असेल तर तुम्ही अडवलंच पाहिजे. पण आयबीच्याच व्याख्येत सेवा म्हणजे देणं नाही. समाजाच्या खऱ्या गरजेला उत्तर म्हणून, त्या समाजाबरोबर मिळून केलेलं, दोन्हीकडून शिकायला मिळणारं काम, असं त्यात धरलेलं आहे. विदर्भाला हे नवं नाही. गाडगेबाबांनी गावात शिरताच आधी झाडू हातात घेतला, कीर्तन नंतर. वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, तिथं शिक्षण हातच्या कामातून द्यावं हा विचार मांडला गेला आणि सेवाग्रामात नई तालीम उभी राहिली. तुमच्या मुलीची शाळा जिनिव्हातल्या संस्थेला जोडलेली असेल, पण तिला ‘सेवा’ हा शब्द समजून घ्यायला यवतमाळहून वर्ध्यापर्यंत जाणं पुरेसं आहे.

लोक काय म्हणतील, हे काम कुणी मागितलं यावर ठरतं. म्हणून सुट्टीचा पहिला आठवडा मुलीनं काहीही न करता फक्त विचारावं : बचत गटाच्या बायांना, कृषी सहायकांना (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात), जिल्हा परिषद शाळेच्या बाईंना. ‘मी काय करू?’ असं नको. ‘जूनमध्ये तुमचं नेहमी काय अडतं?’ असं. उत्तर काय येईल ते मी ठरवू शकत नाही. पण तुमच्या भागात, त्या दिवसांत, एक उत्तर फार करून येईल, आणि ते सुट्टीच्या तारखांत नेमकं बसतं, म्हणून ते सविस्तर लिहिते. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणी.

सोयाबीनचं टरफल पातळ असतं. काढणीत पाऊस लागला, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती आपटली किंवा थप्पी उंच रचली, तर दाणा दिसायला चांगला राहतो आणि उगवत नाही. ते पेरल्यावर कळतं, तोवर बियाणं, मजुरी आणि पावसाची पहिली ओल तिन्ही गेलेलं असतं. तपासणी सोपी आहे, कृषी विभाग दरवर्षी सांगतो, पण पेरणीच्या गडबडीत ती घरोघर होत नाही. इथं पाच-सहा मुलींच्या हातांना खरं काम आहे.

पद्धत अशी. पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून मूठ-मूठ दाणे घ्यायचे, एकत्र करायचे, आणि निवडून चांगलेच न घेता जसे येतील तसे ३०० मोजायचे. गोणपाटाचे तुकडे धुऊन ओले करायचे. एका तुकड्यावर दहा ओळी, ओळीत दहा दाणे, दोन दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर. वरून दुसरा ओला तुकडा, मग चटईसारखी गुंडाळी करून सैल बांधायची. अशा तीन गुंडाळ्या. त्या सावलीत ठेवायच्या, ओल टिकेल इतकंच पाणी शिंपडायचं. पाणी साचलं तर दाणे सडतात आणि निकाल खोटा कमी येतो. मेच्या शेवटी उन्हाचा कडाका असतो, तेव्हा पत्र्याखाली ठेवू नयेत. सहा-सात दिवसांनी उघडून धड कोंब आलेले मोजायचे, तिन्हींची सरासरी काढायची. ७० टक्के किंवा जास्त आलं तर नेहमीप्रमाणे एकरी ३० किलो. ६० आलं तर त्याच हिशोबानं ३५ किलो. ६० च्याही खाली गेलं तर ते बियाणं पेरू नये. तीस घरांची तपासणी म्हणजे नऊ हजार दाणे, वजनात जेमतेम एक किलो. खर्च जवळपास नाही. जुनी पोती, सुतळी, मार्कर आणि एक नोंदवही.

काम इथंच थांबलं तर तो शाळेचा एक छान प्रयोग होईल, प्रकल्प नाही. पुढचा भाग महत्त्वाचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, म्हणून ग्रामपंचायतीजवळ किंवा शाळेत एक साधा पर्जन्यमापक लावून रोजचा आकडा फळ्यावर लिहायचा. पेरणीनंतर दहा-बारा दिवसांनी त्याच तीस घरांच्या शेतात जाऊन ओळीत एक मीटर मोजायचा आणि किती रोपं उभी आहेत ते लिहायचं, प्रत्येक शेतात पाच ठिकाणी. तपासणीत ७५ टक्के आलेलं बियाणं शेतात कमी का उगवलं? तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पडलं? पावसानंतर वरचा थर कडक झाला? पेरणीनंतर उघाड पडली? याची उत्तरं पुस्तकात नाहीत, ज्यांनी पेरलं त्यांच्याकडे आहेत. मुलगी शिकवायला गेलेली नसून विचारायला गेलेली असेल, आणि तुमच्या ‘आमची सेवा करन काय’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आपोआप मिळेल. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सहा-सात आठवडे होतात. एक महिन्याची अट पूर्ण होते. गटातल्या इतर मुली गावातल्याच असतील, तर तिच्या नसताना पुढच्या वर्षीही काम चालेल.

अडचणी कुठं येतात तेही सांगते. एखाद्याचा निकाल ५२ टक्के आला आणि तो फळ्यावर नावासकट लागला, तर तो माणूस पुन्हा उंबऱ्यात उभं करणार नाही. निकाल ज्याचा त्यालाच, घरी जाऊन सांगायचा. वहीत घराला क्रमांक द्यायचा. विकतच्या पिशवीचं बियाणं कमी उगवलं तर मुलींनी कंपनीवर बोट ठेवायचं नाही. घरच्या तपासणीला कायदेशीर वजन नाही. त्या शेतकऱ्यानं पिशवी, टॅग, पावती आणि थोडं बियाणं जपून ठेवावं आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्यावी, एवढंच सांगायचं. रंगीत, औषध लावलेल्या बियाण्याला उघड्या हातानं शिवायचं नाही आणि उरलेलं कोंबड्या-गुरांपुढं टाकायचं नाही. जुलैत बांधावरून चालताना साप-विंचवासाठी गमबूट, आणि एकट्या मुलीनं शेतात जायचं नाही. हे सगळं शाळेच्या अर्जात ‘धोके’ या रकान्यात लिहायचंच असतं. आणि ज्यांच्याकडे शेतीच नाही अशा मजुरांच्या घरातल्या मुलींना गटात घ्या; नाहीतर गावाचा प्रकल्प म्हणता म्हणता तो जमीनवाल्यांचाच होतो.

फोटोंबद्दल एक वाक्य : लहान मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय टिपायचे नाहीत. पुरावा म्हणून नोंदवहीची पानं, पावसाचा फळा, गुंडाळ्यांचे फोटो आणि कृषी सहायकांचं सही-शिक्क्याचं पत्र भरपूर होतं.

उरली दोन अंगं. शरीर-श्रमासाठी विदर्भातल्या कोणत्याही गावाच्या डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला जाऊन बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पळत असतात. मुलींना भरतीत ८०० मीटर, १०० मीटर आणि चार किलोचा गोळा असतो. तुमच्या मुलीला भरती व्हायचं नाही, पण त्या गटाबरोबर दोन महिने पळून आधीची आणि नंतरची ८०० मीटरची वेळ नोंदवली, की तो कॅसचा उपक्रम झाला. एकटीनं पळण्यापेक्षा सुरक्षितही. पुण्याला परतल्यावर तेच पुढं शाळेच्या मैदानावर. पर्यवेक्षक म्हणून गावातले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक चालतील.

सृजनासाठी तिच्या आजीकडे किंवा शेजारच्या म्हाताऱ्यांकडे भुलाबाईची गाणी असतीलच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतचा भुलाबाईचा महिना तिला गावात मिळणार नाही, ती तेव्हा शाळेत असेल. पण सुट्टीत गाणी रेकॉर्ड करून, शब्द उतरवून, चाल आणि टिपऱ्यांचा ठेका शिकून ती तयार राहू शकते, आणि कोजागरीला वसतिगृहात मुलींचा फेर बसवू शकते, शेवटी झाकलेली खिरापत ओळखायला लावायची. गाणी देणाऱ्या बायांची नावं, त्यांची परवानगी घेऊन, त्या वहीत यावीत. एका संध्याकाळी कार्यक्रम करून विसरायचं नाही. जुलै ते ऑक्टोबर असा सराव दिसला पाहिजे.

आणि पुण्यात? तिथं तिनं एक तरी अशी गोष्ट धरावी जी सगळ्यांनाच नवी असेल. पियानो दहा वर्षांपासून शिकणाऱ्या मुलाशेजारी बसून पहिला स्वर शोधणं सोळाव्या वर्षी जिवावर येतं. पण अल्टिमेट फ्रिजबी बहुतेकांनी शाळेतच पहिल्यांदा पाहिलेली असते. १७५ ग्रॅमची एक तबकडी, एका बाजूला सात खेळाडू, मोठ्या स्पर्धेतही पंच नसतो आणि खेळाडूच आपसांत निकाल लावतात. बोलावं लागतं, तेही छोट्या वाक्यांत, आणि कुणी उच्चाराकडे लक्ष देत नाही. नाटकाची प्रकाशयोजना, मंचामागची व्यवस्था हेही तसंच. इंग्रजी सुटतं ते अशा कामांत.

एमयूएन तिला करायचंच असेल तर पहिल्या वेळी लहान समितीत, कमी बोलबाला असलेल्या देशाकडून करावं. तिथं प्रत्येकाला एक देश मिळतो. त्या देशाची भूमिका एका पानात लिहून द्यायची असते, सुरुवातीचं भाषण मिनिटा-दीड मिनिटाचं असतं, आणि खरं काम ठरावाचा मसुदा लिहिताना होतं. नवी मुलं भाषण पाठ करतात आणि मसुद्याच्या वेळी गप्प बसतात. उलट करावं. भाषण चार वाक्यांचं, पण मसुद्यात एक कलम आपलं. विषय शेती, पाणी किंवा अन्नसुरक्षेचा असेल तर तिच्याइतकी माहिती त्या खोलीत कुणाकडे नसेल. बाहेरच्या स्पर्धांची फी मोठी असते. शाळेतल्याच सराव-सत्रांना फी नसते किंवा नाममात्र असते. दोन-तीन सराव-सत्रांनंतर बघावं.

एक विनंती तुमच्यासाठी. फोनवर ‘अभ्यास बरा चाललाय ना?’ या प्रश्नाआधी एकदा ‘आज कोणाबरोबर जेवलीस?’ असं विचारून बघा. वसतिगृहातल्या मुलीचं कसं चाललंय ते या उत्तरातून जास्त कळतं. सलग दोन आठवडे उत्तर ‘एकटीच’ असं आलं तर वसतिगृहाच्या ताईंना आणि शाळेच्या समुपदेशकांना फोन करा. शिष्यवृत्तीच्या मुलांचे पालक शाळेला फोन करायला कचरतात. तुमचा हक्क बाकी पालकांइतकाच आहे.

आता लगेच करायचं ते. मुलीची वर्षअखेरची कॅस मुलाखत व्हायची असेल, तर त्याआधी तिनं अर्ध्या पानाचा प्रस्ताव समन्वयकांना पाठवावा : गरज काय आणि ती कोणी सांगितली, सोबत कोण, कोणत्या आठवड्यात काय, पर्यवेक्षक कोण, धोके कोणते. ‘गरज’ या ओळीत ‘गावात विचारून ठरवणार, बियाणं तपासणीची शक्यता’ असं प्रामाणिकपणे लिहिलं तरी चालेल. कृषी सहायकांना तुम्ही आत्ताच भेटा, जूनमध्ये त्यांना बसायला वेळ नसतो. जुनी गोणपाटं गोळा करून धुऊन वाळवून ठेवा. खताची प्लास्टिकची पोती उपयोगाची नाहीत. आणि मुलगी आल्यावर पहिल्या तीन गुंडाळ्या तुमच्या घरच्या बियाण्याच्या करा. त्या प्रकल्पाच्या वहीत धरायच्या नाहीत, सरावाच्या म्हणून करायच्या. गुंडाळी कुठं ठेवली की ओल टिकते आणि किती पाण्यानं दाणा सडतो, हे दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी घरच्या ओसरीवर कळलेलं बरं.